चौदाव्या मिनिटाचं दार

वाचनालयाच्या तळघरात ऐकायची खोली होती. तीन भिंतींना कपाटं, कपाटांत शास्त्रीय संगीताच्या कॅसेट, मधे टेबल, टेबलाभोवती तीन खुर्च्या, आणि त्यातल्या एका खुर्चीवर एकवीस वर्षं बसलेल्या मावशी. हुद्दा साध्या मदतनिसाचा, पण दरारा असा की ग्रंथपालसाहेबसुद्धा टकटक केल्याशिवाय आत येत नसत.

कुणाला काय ऐकायला द्यायचं, हे मावशी माणूस बघून ठरवत. निवृत्त शिंपीकाका आले की आधी विचारत, "झोप कशी आहे?"

"कसली झोप मावशी, डोळ्याला डोळा नाही."

"मग गाणं नको. हे व्हायोलिन न्या, आणि दुसरी बाजू आधी लावा. पहिल्या बाजूला बुवांना गाडी पकडायची घाई आहे. दुसऱ्या बाजूला जरा टेकलेत."

"मागच्या वेळी दिलेल्या बाईंचा आवाज अजून कानात आहे हो. आमची ही म्हणते, माझा आवाज चाळीस वर्षांत एकदा तरी राहिला का कानात?"

"त्यांचा कानात कशाला राहील, तो डोक्यात राहतो," मावशी म्हणायच्या आणि कॅसेटच्या डबीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी सरकवायच्या.

या चिठ्ठ्या हे मावशींचं खास प्रकरण. फार पूर्वी एका एकट्या राहणाऱ्या बाईंनी घरी मैफलीची कॅसेट लावली होती. मधेच श्रोत्यांतलं कुणीतरी खोकलं, आणि घरात माणूस घुसलाय असं वाटून त्या बाई ओल्या केसांनी रस्त्यावर धावत सुटल्या. तेव्हापासून मावशी प्रत्येक कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः ऐकत. मधे उठायचं नाही, पुढे पळवायचं नाही. मग लिहीत: 'नवव्या मिनिटाला खोकला. सव्विसाव्या मिनिटाला भांडं पडतं. हे आवाज कॅसेटमधले आहेत, दचकू नये.' लोक गमतीने वाचत, पण चिठ्ठी नसलेली कॅसेट कुणी घरी नेत नसे.

त्या वर्षी एका डॉक्टरांचं घर रिकामं झालं आणि त्यांच्या संग्रहाचं खोकं वाचनालयात आलं. त्यात एक कॅसेट नाव नसलेली होती. एकाच बाजूला रेकॉर्डिंग, एकेचाळीस मिनिटांचं. तंबोरा आणि एक बाई. बाईंचा आवाज थोरामोठ्यांसारखा कमावलेला नव्हता, पण एकेका स्वरावर त्या इतका वेळ थांबायच्या की ऐकणाऱ्याने श्वास कधी घ्यावा ते कळेना. मावशींना ती कॅसेट फार आवडली. आपण दुसऱ्याच्या घरात नकळत येऊन बसलोय असं काहीसं वाटायचं, आणि तरी उठवत नसे. त्यांनी चिठ्ठी लिहिली: 'चौदाव्या मिनिटाला दार उघडतं. कुणीतरी आत येतं. सोळाव्या मिनिटाला खुर्ची करकरते.'

चार दिवसांनी शिंपीकाका कॅसेट परत घेऊन आले. "गाणं काय सांगू मावशी, अंगावर काटा आला. पण ते दार काही सापडलं नाही बुवा."

"झोप लागली असेल."

"तीनदा ऐकली. दार नाही, खुर्ची नाही. आमच्या हिनेही ऐकली, आणि तिचे कान कसे आहेत ते शेजाऱ्यांना विचारा."

काका गेल्यावर मावशींनी हेडफोन चढवले. तेरा मिनिटं झाली. बाई वरच्या स्वराशी येऊन थबकल्या, आणि कडीचा आवाज आला. दार उघडलं. पावलं. चौथ्या पावलावर शांतता, मग थोड्या वेळाने खुर्ची. सगळं जिथल्या तिथे.

त्यांनी साहेबांना बोलावलं. साहेब वयाने मावशींच्या लेकीएवढे, माणूस सरळ. त्यांनी त्याच हेडफोनवर, त्याच टेबलापाशी सतरा मिनिटं ऐकलं आणि हेडफोन काढून हळूच खाली ठेवले. "मावशी, राग मानू नका. काहीच नाही इथे."

मावशींना आई आठवली. तिलाही शेवटची दोन वर्षं असंच ऐकू यायचं. रिकाम्या खोलीतून कुणी हाक मारतंय म्हणायची, उठून दार उघडायची, कुणाला तरी बसायला सांगायची. बाकी सगळं शाबूत होतं, म्हणून सुरुवातीला घरात हसायचे. मग हसणं थांबलं. आपल्यालाही हेच व्हायचंय ही भीती मावशींनी कुणाला सांगितली नव्हती.

घरी लेकीला मात्र सांगावं लागलं, कारण चेहरा लपत नव्हता.

"आजीची कानगोष्ट सुरू करू नकोस," लेक म्हणाली. ती दातांच्या दवाखान्यात कामाला होती आणि प्रत्येक दुखण्याचा फोटो काढता येतो असं तिचं मत होतं. "उद्या कान तपासून घे. मी येते बरोबर."

कानाच्या डॉक्टरांनी बंद खोलीत बसवून बारीक बारीक आवाज ऐकवले. तपासणीचा कागद पाहून ते म्हणाले, "तिशीतले कान आहेत तुमचे."

"पण मला दुसऱ्यांना येत नाहीत ते आवाज येतात."

डॉक्टरांनी कागद त्यांच्या हातात दिला. "आहे ते ऐकू येतं का, एवढंच हे यंत्र सांगतं," ते म्हणाले. बाहेर आल्यावर लेकीने आईचा हात धरला. रस्ता ओलांडून झाला तरी सोडला नाही. मावशींना ते डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

पुढच्या सोमवारी सकाळी साहेब एक पत्र आणि तपासायचे काही अहवाल घेऊन खाली आले. ऐकायची खोली महिनाअखेरीपासून संगणकावर काम करणाऱ्या बाईंकडे जाणार होती. मावशींना वर, मासिकांच्या विभागात जागा. "आणि त्या चिठ्ठ्या आता बंद करू या," साहेब खाली बघत म्हणाले. "नसलेल्या आवाजांची सूचना दिली तर लोक काय म्हणतील? वर उजेड आहे मावशी, माणसांत राहाल."

म्हणजे यांनाही तेच वाटतंय. मावशी म्हणाल्या, "एकदा माझ्यासोबत ऐका. हेडफोन नको, स्पीकरवर. तेव्हाही काही नसेल तर मी सही करते. परत हा विषय काढणार नाही."

"मला हे अहवाल तपासायचेत."

"तपासा की. कान मोकळेच आहेत ना?"

साहेब हसले, एक रिकामी खुर्ची मागे सरकवून दुसरीवर टेबलाशी बसले. बाहेरून कुणी येऊ नये म्हणून मावशींनी दाराला आतून कडी घातली आणि कॅसेट लावली. तंबोरा सुरू झाला. साहेबांनी पहिली दोन मिनिटं कान दिला, मग ते कागदांत बुडाले. मावशी घड्याळ बघत होत्या. दहा. बारा. गाणाऱ्या बाई वर वर सरकत होत्या. मावशींनी मनात ठरवलं, आता दार वाजलं तरी आपण चेहरा हलवायचा नाही.

चौदावं मिनिट लागलं. बाई थांबल्या. कडी वाजली, दार उघडलं, पावलं आत आली.

"या, बसा," साहेब कागदावरून मान वर न करता म्हणाले. "दोन मिनिटांत होतंच आहे."

मावशी हलल्या नाहीत. साहेबांनी पान उलटलं, एका आकड्याखाली रेघ मारली. सोळावं मिनिट लागलं आणि त्यांच्या मागची तिसरी खुर्ची करकरली, कुणी अंगभर टेकावं तशी.

"हं, बोला, काय काम होतं?" म्हणत साहेबांनी मागे वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. त्यांनी दाराकडे पाहिलं. कडी आतून घातलेली होती, तशीच.

त्यांच्या हातातली पेन्सिल टेबलावर आडवी झाली. त्यांनी मावशींकडे पाहिलं. स्पीकरमधून बाई पुन्हा गाऊ लागल्या होत्या. आता जरा मोकळ्या, ज्याची वाट बघत होत्या तो माणूस येऊन बसल्यासारख्या.

मावशींना घाबरायला हवं होतं. पण छातीवरचा दगड उतरावा तसं त्यांना हलकं वाटलं. आईची आठवण आली, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच त्या आठवणीचं भय वाटलं नाही.

साहेबांनी पत्राची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि ते खिशात टाकलं. मागे वळून बघायचं धैर्य काही त्यांना होईना. "संपलं का?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"अजून पंचवीस मिनिटं आहेत," मावशी म्हणाल्या. "मधे उठायचं नसतं."