फवारणी पंपावर शिरूर कासार

सोलापूरला पुतण्याकडे चार दिवस राहून मी सकाळी लवकर नाशिकला, घरी, निघालो. जवळचा रस्ता सोडून बीडवरून जायचं हा माझा हट्ट. निवृत्त चित्रकला शिक्षकाला घाई कसली? गाडीही माझ्यासारखीच, लग्नाच्या वर्षी घेतलेली दोन सायलेन्सरची मोटारसायकल. धूर जास्त, वेग कमी, पण स्वभावाने चांगली.

निघताना बायकोने फोनवर विचारलं, “जादा किल्ली घेतलीय ना?”

घेतली होती. मूळ किल्ली आणि जादा किल्ली अशा दोन्ही मी एकाच कडीत अडकवल्या होत्या, चुकामूक नको म्हणून.

चौसाळ्याला हायवेलगत भजी आणि चहा घेतला. हॉटेलवाल्याने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

“कुठवर?”

“नाशिक.”

“गाडीवर का गाडी ढकलत?”

मी हसलो. दुपारी याचं उत्तर मलाही देता आलं नसतं.

बीड मागे टाकून शिरूर कासारच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मधे तुरीचे पिवळे पट्टे, मागे बुटक्या, बोडक्या टेकड्या. वाटेतल्या वस्त्यांवर बऱ्याच दारांना कुलपं दिसत होती. ऊसतोडीला माणसं निघायला लागली होती. एका तुरीच्या रानाशी ऊन असं काही पडलं होतं की मी गाडी बंद केली, किल्ल्या शर्टाच्या खिशात टाकल्या आणि फुलोऱ्याचा फोटो काढायला वाकलो. खिशातून कडी निसटली. काळ्या रानाला भेगा पडल्या होत्या. कडी नेमकी त्यातल्या एका भेगेत शिरली. खाली कुठेतरी किणकिणल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

मी पालथा पडून कोपरापर्यंत हात घातला.

“काय हरवलं, भाऊ?” मागून आवाज आला.

पन्नाशीपुढची बाई होती. साडीवर बाह्यांचा शर्ट, तोंडाला फडकं, पाठीला बॅटरीवर चालणारा फवारणीचा पंप. रान तिचंच.

“किल्ली पडली.”

“मंग गेली. मागल्या साली माजा विळा गेलता त्याच भेगंत. आजून न्हाई निघाला.”

ती गयाबाई. एवढं सांगून ती पुन्हा तुरीवर फवारायला लागली.

तिने शिरूर कासारच्या मेकॅनिकचा नंबर दिला होता, पण तो फोन उचलेना. तेव्हा मला तरुणपणी ऐकलेलं आठवलं, जुन्या गाड्यांना किल्ली नुसती नावाला असते, दोन वायरी जोडल्या की झालं. हेडलाइटचा डबा उघडला. आत सात वायरी निघाल्या. त्यातल्या कुठल्या दोन, हे सांगणारा मित्र आता अमेरिकेत होता. मी लाल आणि पांढरी निवडली, कारण त्या शोभून दिसत होत्या. फट्‌ झालं, धूर आला, सगळ्या वायरी एकमेकींना चिकटल्या आणि गाडीची बॅटरी तापून फुगली.

गयाबाई फवारा बंद करून बघत उभी राहिली. “कशापायी जाळली?”

उत्तर द्यायच्या आत तिचा फोन वाजला. पलीकडून कुणीतरी कुजबुजत होतं. ऐकता ऐकता तिने तोंडावरचं फडकं काढलं.

“उद्या जायचं म्हनलतात की! आजच? आन्‌ आरती?”

फोन ठेवून ती बांधावर बसली. फोन मुलीचा, सुनीताचा होता, असं तिने सांगितलं. ती आणि जावई शिरूरच्या अलीकडच्या गावात राहतात. ऊसतोडीचा ट्रक एक दिवस आधीच निघत होता. नात आरती सातवीत. तिला शाळेसाठी आजीकडे ठेवायचं ठरलं होतं, पण जावयाने ऐन वेळी तिलाही ट्रकात बसवलं होतं. एसटी तासाभरापूर्वीच गेली होती.

ती माझ्या गाडीकडे बघायला लागली. “हिला करंट किती लागतो?”

“बारा व्होल्ट.”

“माज्या पंपात बाराचीच हाय.”

मग तिने जे केलं ते मी हात बांधून पाहिलं. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर बिघडला की ती स्वतः डायरेक्ट करते, असं तिने काम करता करता सांगितलं. जळक्या वायरी बाजूला केल्या, माझ्याकडून कॉइल (ठिणगी पाडणारा डबा) कुठली ते विचारून घेतलं आणि पंपाच्या चार्जिंगच्या भोकापासून दोन वायरी ओढून एक कॉइलला, एक गाडीच्या सांगाड्याला गुंडाळली. उरलेलं औषध ओतून पंप धुतला. मी म्हटलं, “बॅटरी काढूनच घेऊ ना.”

“उघडली की ग्यारंटी गेली. पंप माज्या पाठीवर, मी तुमच्या पाठीमागं. मारा किक.”

तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली.

असा प्रवास मी आयुष्यात केला नाही. वायरी जेमतेम पुरत होत्या. गयाबाई सरळ बसली की गाडी पळे, वाकली की आचके देई. आणि तिची ओळख रस्त्यावरच्या प्रत्येकाशी! पहिल्या वस्तीवर कुणीतरी हाक मारली, ती वळली, वायर सुटली, गाडी बंद.

“ताई, वळू नका!”

“व्याही हायेत. बोलू न्हाई का?”

पुढे शेळ्यांचा कळप आडवा आला, मी ब्रेक मारला, पंपाची नळी माझ्या कानावर आदळली आणि मानेवरून गार पाणी थेट पाठीत उतरलं.

“साधं पानीच हाय,” मागून आवाज आला. “मघाशी दोनदा धुतलाय.”

गावात शिरलो तो ट्रक समोरच. अरुंद गल्ली, ट्रकवर भांडी, ताडपत्र्या, दोन शेळ्या, माणसं. पोत्यांवर दप्तर मांडीवर घेऊन एक मुलगी बसली होती. ट्रक सुरू होता. गयाबाईने नातीला पाहिलं आणि पंपासकट उडी मारली. वायर तुटली. मी आणि माझी गाडी गल्लीच्या मधोमध, ट्रकच्या नाकासमोर.

“ए म्हातारबा, बाजूला घ्या!” मुकादम (टोळीचा म्होरक्या) ओरडला. दोघेजण गाडी ढकलायला आले.

मी काही शूर माणूस नाही. पण त्या क्षणी, कोण जाणे कसा, मी गाडीवर बसूनच राहिलो आणि ओरडलो, “हात लावू नका! करंट उतरलाय! शॉक बसेल!”

लोंबत्या जळक्या वायरी बघून दोघे मागे सरले. ट्रकचा ड्रायव्हर मात्र खाली उतरला. वाकून त्याने वायरी पाहिल्या, मला पाहिलं.

“बारा व्होल्टला शॉक?” तो हळूच म्हणाला.

त्याने मान वळवून गयाबाईकडे पाहिलं. ती ट्रकला धरून जावयाशी बोलत होती.

“लागतो, लागतो. लई लागतो,” ड्रायव्हर मोठ्याने म्हणाला आणि त्याने स्वतःच्या ट्रकचं इंजिनही बंद केलं.

गल्लीत एकदम शांतता झाली. तेव्हा कुठे गयाबाईचं बोलणं ऐकू आलं.

“पाव्हनं, तुमचा शब्द हुता.”

“मामी, आमी दोघं उसाच्या फडात गेलो की मागं कोपीवर, झोपडीत, सैपाकाला कोन?” जावई मान खाली घालून म्हणाला.

ती काही बोलणार, एवढ्यात वरून सुनीताच बोलली. “भाकरी मी थापीन. पहाटं उठून थापीन. आरती, उतर.”

जावयाने बायकोकडे पाहिलं, सासूच्या पाठीवरच्या पंपाकडे पाहिलं, आणि हात वर करून लेकीला उतरवून घेतलं. दप्तर आधी, मग ती. सुनीताने वरूनच तिच्या केसांवरून हात फिरवला. मी उतरलो आणि गाडी मुकाट्याने भिंतीला लावली. ट्रक निघून गेला. गयाबाई त्या बाजूला पाठ करून बराच वेळ पंपाचे पट्टे सारखे करत राहिली.

सुनीताच्या शेजारणीने आम्हा तिघांना पिठलं-भाकरी वाढली. मग शिरूर कासारच्या मेकॅनिकने तिथे येऊन नव्या वायरी, नवी बॅटरी आणि नवा स्विच बसवला. हे कुणी जोडलं होतं म्हणून त्याने विचारलं. नाव सांगितल्यावर तो म्हणाला, “जोडनी बराबर व्हती. जाळनी कुनाची?”

दुसऱ्या दिवशी नाशिकला पोहोचलो. बायकोने फोटो मागितले. तुरीच्या फुलोऱ्याचा एकच होता, तोही हललेला. ती म्हणाली, “एवढा लांबचा फेरा मारून पाहिलंस काय?”

मी सांगायला बसलो. किती देवळं, किती किल्ले राहून गेले, याची खंत मला प्रत्येक प्रवासानंतर असते. या वेळी ती नव्हती. एक मुलगी दप्तर घेऊन ट्रकवरून खाली उतरली. ते मी अगदी जवळून पाहिलं.