पुढच्या रांगेतली जागा

नागपुरात एवढा मोठा कोरस पहिल्यांदाच उभा राहत होता. चर्चमध्ये गाणारे, कॉलेजची मुलं आणि आमच्यासारख्या नोकरी सांभाळून गाणाऱ्या बायका. वाद्यवृंद बाहेरून येणार होता. सिंफनी तासाभराहून मोठी, आणि कोरस उठतो तो शेवटच्या भागात. शब्द जर्मन, मी ते देवनागरीत लिहून पाठ केले होते.

मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. शेजारच्या बिल्डिंगमधली मैत्रीण विम्याच्या ऑफिसात आहे. नंदनवन भागातून आम्ही एकाच स्कूटीवर तालमीला जायचो. तिचा आवाज गोड, नोटेशनही वाचता यायचं, पण ताल मोजताना घसरायची. एका जागी सगळी वाद्यं थांबतात आणि त्या शांततेनंतर खालच्या सुरात गाणाऱ्या आम्हा बायकांना एकदम सुरुवात करायची असते. तिथे ती हमखास आधीच घुसायची. म्हणून मी शेजारी उभी राहून तिला ऐकू जाईल असा श्वास घ्यायचे, की ती सुरू करायची. मला नोटेशन येत नाही, मी सगळं ऐकून बसवते, हे फक्त तिला माहीत होतं. मीच सांगितलं होतं, विश्वासाने.

त्या शांततेनंतरच्या ओळी आम्ही सगळ्याच गाणार होतो, पण सुरुवात धरायला मोजक्या बायका पुढच्या रांगेत उभ्या राहणार होत्या. कोरस बसवणाऱ्या सरांनी त्यात मला घेतलं. पुढच्याच तालमीला माझ्या जागी ती उभी. मी विचारल्यावर सर अगदी सरळपणे म्हणाले, की तुमच्या मैत्रिणीलाच तुमची काळजी वाटली. नोटेशन येत नाही तर पुढे उभं राहून ताण येईल, असं ती म्हणाली.

घरी जाताना स्कूटी मी चालवत होते. तीच म्हणाली, "मी सरांले सांगून तुले माझ्या पाठीमागंच उभं करतो वं. तू फक्त श्वास घेत जा. मले ऐकू येते."

मी बरं म्हटलं.

त्या दिवसापासून मी कार्यक्रमाची वाट वेगळ्याच कारणासाठी पाहू लागले. पोळ्या लाटताना, पेपर तपासताना, आवाज न करता श्वास घ्यायचा सराव केला. तालमीत मात्र पूर्वीपेक्षा मोठ्याने घ्यायचे, तिची सवय पक्की व्हावी म्हणून. ती निर्धास्त झाली. अख्ख्या सासरला पास वाटून मोकळी झाली.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी वाद्यवृंदाबरोबर शेवटची तालीम होती. खरं तर मी संध्याकाळसाठी थांबणार होते. पण वाद्यं थांबली, समोर तिची मान दिसली, आणि मला राहवलं नाही. मी आवाज न करता श्वास भरला. ती क्षणभर वाट पाहत राहिली आणि घाबरून एकटीच गाऊन मोकळी झाली. रिकाम्या हॉलमध्ये तिचा आवाज लांबपर्यंत गेला. व्हायोलिनवाले वळून पाहू लागले. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. मला इतकं बरं वाटलं, की ते लपवायला मान खाली घालावी लागली.

मेकअपच्या खोलीत तिने मला गाठलं.

"काहून केलं वं असं?"

"काय केलं?"

"श्वास नाही घेतला तू."

"घेतला ना. नाहीतर गायली कशी असती मी?"

तिने हातातला कंगवा खाली ठेवला. ती सरांशी काय बोलली ते मला कळलंय, हे बहुधा तेव्हाच तिच्या लक्षात आलं. मग हळूच म्हणाली, "संध्याकाळी घेशीन ना पण? मले ऐकू येईन असा?"

"तवा पाहू," मी म्हटलं.

तेवढ्या एका उत्तरावर तिने काही खाल्लं नाही. साडी नेसून झाल्यावर सरांकडे गेली, घसा बसल्याचं सांगितलं आणि मागच्या रांगेत जागा मागून घेतली. पुढे कोण, हे सरांनी विचारलं तेव्हा तिला माझं नाव घ्यावं लागलं. सरांनी मला तसं सांगितलं. मी आढेवेढे घेतले नाहीत.

संध्याकाळी आम्ही स्टेजवर जाऊन बसलो. वाद्यं सुरात लावणं चाललं होतं. समोर तिची सासू, दीर, जाऊ ओळीने बसलेले. सासूने पर्समधून चष्मा काढला आणि पुढची रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासली. मग पुन्हा पहिल्यापासून. तिची नजर माझ्यावर येऊन थांबली, तेव्हा मी हसून नमस्कार केला.