पेटी थांबते तेव्हा

एका बॅलेच्या ऐन मध्यावर, भरलेल्या सभागृहात, मी माइक हातात घेऊन "तांत्रिक अडचणीबद्दल क्षमस्व" असं जाहीर केलं. तांत्रिक अडचण कुठलीही नव्हती.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आमच्या बाईंबद्दल लिहायचं तर ती संध्याकाळ टाळता येत नाही, आणि ती पाहिलेली माणसं नाशकात अजून आहेत. त्यातला एकजण कॉलेज रोडला भेटला की आजही स्कूटर थांबवून विचारतो, "काय, झाली का दूर अडचण?"

बाईंचं वाक्य ठरलेलं होतं. "थांबा. अजून संपलं नाही." म्हणताना हात थोडा पुढे यायचा, तळवा वर, प्रसाद घेताना करतो तसा. चहाला उकळी आली म्हणून मी गॅसकडे हात नेला की, "थांबा. अजून संपलं नाही." मिसळ खाऊन मी उठायला लागलो की माझ्या वाटीतल्या रश्श्याकडे बघत, "थांबा." माझ्या भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणता म्हणता गुरुजी दम घ्यायला थांबले. मला वाटलं, झालं. मी उत्साहाने बँडवाल्यांना हात केला आणि ते सुटलेच. नवरा मुलगा अंतरपाटाखालून हार घालायला वाकला, गुरुजींनी माझ्याकडे असं बघितलं की दक्षिणा नको पण हा माणूस आवरा. त्या गोंधळात मागच्या खुर्चीतून शांत आवाज आला, "अजून संपलं नाही हो."

तेव्हा तुमच्या लक्षात आलं असेल की मला शांतता सहन होत नाही. तो माझा स्वभाव आणि धंदाही. दिवसा मी बँकेत होतो आणि संध्याकाळी निवेदक. सत्कार असो, ऑर्केस्ट्रा असो, पतसंस्थेचा वर्धापनदिन असो, दोन गाण्यांच्या मधली जागा भरायला मला बोलवायचे. मी ती अशी भरायचो की पुढचं गाणं कधीकधी राहूनच जायचं.

बाई शरणपूरच्या. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, शरणपूर ही नाशकातली जुनी मराठी ख्रिस्ती वस्ती. बाईंचे वडील तिथल्या देवळात पेटी वाजवायचे. चर्चला बाई देऊळच म्हणायच्या. तरुणपणी त्या नोकरीला मुंबईला गेल्या, परदेशात शिकून आलेल्या एका शिक्षिकेकडे बॅले शिकल्या आणि वडिलांचा दमा वाढला तेव्हा सगळं सोडून परत आल्या. ट्रंकेत साड्यांच्या खाली गुलाबी सॅटिनचे बूट होते. ते नाशकात कोणाला दाखवायचे हा प्रश्न होता.

त्यांनी आमच्या शेजारच्या इमारतीत, सायकलच्या दुकानाच्या वरचा हॉल भाड्याने घेतला. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी त्या हॉलसमोर. बॅले शिकायला भिंतीला धरायचा आडवा दांडा लागतो. तो कुठे मिळेना, म्हणून बाईंनी प्लंबरला बोलावून नळाचा पाइप बसवून घेतला. पाइप बसवून झाल्यावर तो बिचारा म्हणाला, "बाई, तोटी कोणत्या टोकाला लावू?"

क्लासला मुली आल्या, पण पालकांच्या मनात वेगळंच होतं. आपल्याकडे बॅले म्हणजे नृत्यनाटिका. त्यात राम असतो, रावण असतो, हरीण तर असतंच. "आमच्या पिंकीला सीता द्याल ना?" असं विचारत आलेल्या आया मी खिडकीतून ऐकल्या आहेत. बाई त्यांना म्हणायच्या, "आधी नीट उभी राहू दे तिला. मग बघू कोण होते ते." मुली महिना महिना नुसतं उभं राहायला शिकायच्या. देवळालीला लष्कराचा तोफांचा सराव चालू असला आणि वारा आमच्याकडचा असला, की लांबून धडाडधूम ऐकू यायचं आणि हॉलच्या काचा थरथरायच्या. मुली दचकायच्या. बाई नाही. "तोफ त्यांची आहे. पाय तुमचा आहे," म्हणायच्या.

न दचकणारी एकच मुलगी होती, वैशाली. ती देवळाली कॅम्पहून बसने यायची. वडील तोफखान्यातून निवृत्त झालेले हवालदार, त्यामुळे तिला तोफ म्हणजे शेजाऱ्यांचा रेडिओ. ती पायाच्या बोटांवर उभी राहिली की माझी बायको पोळी करायची थांबायची आणि पोळी करपली की मला बोलायची.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास वैशाली दहावी झाली आणि हवालदार क्लासला आले. मी तिथेच होतो. मी सगळीकडे असायचोच. ते दारात बूट काढून, पाठ ताठ ठेवून उभे राहिले.

"बाई, पोरगी लय दिवस आली तुमच्याकडं. आता बास. नर्सिंगला घालतो."

"तिला मुंबईला माझ्या शिक्षिकेकडे पाठवायची माझी इच्छा आहे," बाई म्हणाल्या.

"नाच करायला?"

"हो."

हवालदारांनी पाइपकडे बघितलं, मग माझ्याकडे, जणू या दोन्ही वस्तू इथे कशासाठी आहेत हे त्यांना कळत नव्हतं. "तुमचा कार्यक्रम हाय ना पुढच्या महिन्यात? एकदा डोळ्यानं बघतो. पटलं तर पटलं. नाय पटलं तर तुम्ही पुन्हा विषय काढायचा नाय."

"ठरलं," बाई म्हणाल्या. ते गेल्यावर त्या पाइपला धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. वीस मुलींतून अशी एक सापडते आणि ती नर्सिंगला गेली की क्लास पुढे न्यायला कुणी नाही, हे त्यांनी मला नंतर कधीतरी सांगितलं. तेव्हा एवढंच म्हणाल्या, "तालमीला या. बघून ठेवा."

कार्यक्रम म्हणजे त्यांनी स्वतः बसवलेला बॅले, 'आशा'. मी विचारलं, पणत्या किती लागतील, उगवता सूर्य मागच्या पडद्यावर दाखवायचा का. त्या म्हणाल्या, "काही नको. आशा म्हणजे वाट बघणं. तेवढं दाखवता आलं तरी पुष्कळ." संगीतही बाहेरून आणायचं नव्हतं. वडील जाण्याआधी त्यांनी वाजवलेली देवळातली भजनं बाईंनी कॅसेटवर घेऊन ठेवली होती. नुसती पेटी. मधे भात्याची करकर, एका ठिकाणी कावळासुद्धा. निवेदन मी करणार हे मीच ठरवलं. बाईंनी सांगितलं, "सुरुवातीला नाव सांगा. शेवटी आभार माना. मधे काही नाही."

तालमीच्या दिवशी सिडकोत एका नगरसेवकाचा सत्कार होता. मी तिकडे गेलो.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं. निम्मे लोक मुलींचे नातेवाईक आणि उरलेले हरीण बघायला आलेले. तिसऱ्या रांगेत हवालदार, अंगात कोट, मांडीवर मुठी. मी नाव सांगितलं, मोह आवरला आणि विंगेत जाऊन उभा राहिलो. पेटी सुरू झाली. पांढऱ्या कपड्यातल्या मुली आल्या, गेल्या, पुन्हा आल्या. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी मोठ्याने विचारलं, "राक्षस केव्हा येतो गं?" कुणीतरी त्यांना गप्प केलं आणि नंतर त्याही गप्प राहिल्या, कारण खरोखर काहीतरी चाललं होतं. मला त्यातलं कळत नव्हतं, पण मान लांब करून मीसुद्धा बघत होतो.

मग एकेक मुलगी आत गेली आणि वैशाली एकटी राहिली. ती टाचा उचलून उभी राहिली, एक हात पुढे, तळवा वर. तो हात मी ओळखायला हवा होता.

आणि ओळीच्या मध्यातच पेटी थांबली.

मी ध्वनिवाल्याकडे बघितलं. तो हाताची घडी घालून बसला होता. मला वाटलं, झोपला. मी वैशालीकडे बघितलं. ती हलत नव्हती. मला वाटलं, पोर घाबरून गोठली. हवालदार बघताहेत, मुंबई हातची चालली, आणि या सभागृहात परिस्थिती वाचवू शकेल असा एकच माणूस आहे. तो निघाला.

"रसिकहो, तांत्रिक अडचणीबद्दल क्षमस्व!" मी सुरू झालो. "तोवर आशेबद्दल दोन शब्द. दिवे गेल्यावर आपण काय करतो? बटण दाबतो! येणार नाहीत हे माहीत असतं, तरी दाबतो! याला म्हणतात..."

लोक हसले. हसले म्हणून मी आणखी फुललो. समोरच्या विंगेत बाई उभ्या होत्या. त्या पुढे आल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. नुसता हात पुढे केला, तळवा वर.

तेवढ्यात माझ्या वाक्याच्या खालून पेटी पुन्हा सुरू झाली. जिथे थांबली होती बरोबर तिथून, आपली आपण. वैशालीचा हात त्या सुरावर उचलला गेला आणि ती अशी निघाली की मधे काही घडलंच नव्हतं. मी तोंड उघडं, माइक चालू, अशा अवस्थेत खेकड्यासारखा तिरका तिरका विंगेत परतलो.

पडदा पडल्यावर मी कपड्यांच्या ट्रंकांमागे जाऊन बसलो. तिथून बुटांचा आवाज ऐकला. हवालदार सरळ बाईंसमोर जाऊन उभे राहिले. वैशाली बाजूला, बुटांच्या फिती हातात घेऊन.

"बाई, मला नाचातलं काय कळत नाय."

"हं."

"पण तो साहेब मधीच येऊन बडबडला. लोक दात काढत होते. अन् माझ्या पोरीची पापणी हलली नाय." "आमच्याकडं भरती झालेली गडीमाणसं पहिल्या बाराला उडत्यात. ही उभी होती. हे तुम्ही शिकवलं?"

"उभं राहायला मी शिकवलं. न हलणं तिचं आहे."

हवालदारांनी मुलीकडे बघितलं. तिच्या हातातल्या फिती घेतल्या, नीट गुंडाळल्या आणि परत तिच्या हातात दिल्या. "मुंबईला कधी पाठवायची ते सांगा," म्हणाले.

एवढं ऐकल्यावर मी ट्रंकांमागे कशाला राहतोय? कपडे झटकत बाहेर आलो. "म्हणजे बघा बाई, एका अर्थी माझ्यामुळेच..."

"थांबा," बाई म्हणाल्या. "अजून संपलं नाही."

हवालदार मुलीला घेऊन गेल्यावर त्यांनी मला टेपरेकॉर्डरजवळ बसवलं, कॅसेट मागे नेली आणि लावली. पेटी वाजली. ओळीच्या मध्यात थांबली. मग काहीच नाही. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या मनगटावर बोट ठेवलं. तेव्हा ऐकू आलं. अगदी लांब, खरखरीत, ओढून घेतलेला एक श्वास. आणि मग पेटी.

"दम्यामुळे त्यांना मधेच थांबावं लागायचं," बाई म्हणाल्या. "रविवारी अख्खं देऊळ थांबायचं त्यांच्यासाठी. कुणी खोकायचं नाही. लहानपणी मला दर वेळी वाटायचं, आता नाही वाजणार. आणि दर वेळी वाजायची. आशा म्हटलं की मला दुसरं काही आठवतच नाही."

बाईंनी कॅसेट काढून डबीत घातली. "तालमीला आला असता तर हे तेव्हाच सांगितलं असतं," म्हणाल्या, आणि मग हसल्या. "पण बटणाचं बरं होतं हो. आमच्याकडेही दाबतात."

नंतर वैशाली मुंबईला गेली, शिकली आणि काही वर्षांनी परत येऊन त्याच पाइपपाशी शिकवायला लागली. खालच्या सायकलच्या दुकानाचं मोबाइलचं दुकान झालं. बाईंचे गुडघे गेले, तेव्हा त्या खिडकीजवळ खुर्ची टाकून बसू लागल्या. मी चहा घेऊन जायचो. वैशालीने मुलींना "छान, झालं" म्हटलं की खुर्चीतला तळवा वर व्हायचा. वैशाली निमूट पुन्हा करून घ्यायची. एकदा मी विचारलं, "बाई, कधीतरी संपतं का तुमच्याकडे काही?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आपल्या हातात नाही ना ते. आपण घाई करायची नाही, एवढंच."

दोन हजार आठच्या हिवाळ्यात, दुपारच्या झोपेतच त्या गेल्या. शरणपूरला माती दिली. आठवड्याने वैशालीने हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. जुन्या विद्यार्थिनी आल्या, काहीजणी आपल्या मुलींना घेऊन. खुर्ची खिडकीजवळ तशीच ठेवली होती. हवालदार आले होते, केस पांढरे, पाठ तशीच.

वैशालीने माइक माझ्या हातात दिला. "काका, दोनच वाक्यं. आपण बाईंसाठी स्तब्ध उभे राहू, हे एक. आणि शेवटी आभार."

"मधे काही नाही," मी म्हणालो.

"मधे काही नाही."

मी पहिलं वाक्य म्हटलं. सगळे उभे राहिले. खालच्या दुकानात कुणाचा तरी फोन वाजून थांबला. लांब देवळालीला बार झाला, काचा थरथरल्या. कुणीही दचकलं नाही, लहान मुलीसुद्धा नाहीत. आता मला दुसरं वाक्य म्हणायचं होतं. मी रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि मला वाटलं, आता तोंड उघडलं तर तिथून हात पुढे येईल. जरा थांबावं. श्वास येऊ द्यावा. मी थांबलो. आणखी थांबलो. एका आजीबाईंनी पाइप धरला. वैशाली खाली मान घालून उभी होती, तिचे खांदे हलत होते. रडते आहे की हसते आहे, मला कळेना. माइक माझ्या हातात गरम झाला होता.

शेवटी मागून हवालदारांचा आवाज आला.

"ओ साहेब, बोला की आता! गुडघे गेले आमचे. नको तिथं तुमचं तोंड चालतं, अन् हवं तिथं कुलूप!"