साडेसात दिवसांची पाळी

माझं काम कोणाला सांगायचं म्हटलं की पंचाईत होते. लांब कुठेतरी चालू असलेल्या एका मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, मी जागा भाड्याने घेतली आहे आणि गोव्यातल्या पेडणे-डिचोलीच्या तीसेक लोकांच्या वेबसाइट तिथे सांभाळतो. कोणी काजूवाला, एखादं भजनी मंडळ, बरेचसे खोल्या भाड्याने देणारे. त्याआधी मी डिचोलीजवळच्या खाणीत वजनकाट्यावर कारकून होतो. खाण बंद पडली तेव्हा हे शिकलो.

गेल्या डिसेंबरात एका सकाळी सर्व्हरचा प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जाऊन चिकटला. सगळ्यांच्या साइट रखडल्या. मी नोंदवही उघडली. कोणत्या साइटवर किती जण येऊन गेले ते त्यात दिसतं. हरमलच्या एका बाईच्या साइटवर परदेशातून भरमसाट ये-जा दिसली. हीच ती, असं मी ठरवलं, तिला न विचारता तिची साइट बंद केली आणि सर्व्हर एकदा बंद करून पुन्हा चालू केला. आकडा खाली आला. मी निश्चिंत झालो आणि तासाभराने जेवायला बसलो.

जेवण अर्ध्यावर असताना तिचा फोन आला.

"दादा, माजी साईट उघडना. खंय गेली ती?"

"वैनी, तुमच्या साइटवर गर्दी फार झाली होती. त्यानं सगळा सर्व्हर तापला, म्हणून थोडा वेळ बंद केलीय."

"गर्दी? दोन खोल्यांक गर्दी कसली? सकाळपासून एकाचो फोन नाय!"

मला हसू आलं, तिला आलं नाही. तिचा नवरा बोटीवर पाय मोडून घेतल्यापासून घरीच असतो आणि घर त्या दोन खोल्यांवर चालतं. दर वर्षी एक म्हातारं परदेशी जोडपं महिनाभर तिच्याकडे उतरतं. त्यांचा निरोप साइटवरच्या फॉर्ममधून येतो आणि तो नेमका आज यायचा होता. साइट दिसली नाही तर खोल्या दिल्या असं समजून ती माणसं दुसरीकडे जातील, एवढीच तिची भीती होती. मग तिने सरळ विचारलं, "बरें, माजी बंद केलास. मगे तुमचो सर्व्हर निवलो काय?"

निवला का? हे मी नंतर पाहिलंच नव्हतं. हात न धुता संगणकापाशी गेलो. आकडा पुन्हा शंभर. तिची साइट बंद असतानाही.

नोंदवहीतली ती परदेशी ये-जा म्हणजे साइट चाळत फिरणारे प्रोग्राम होते. रोजचेच, निरुपद्रवी. मग मी सर्व्हरवर त्या क्षणी चालू असलेल्या कामांची यादी उघडली. हे सकाळीच करायला हवं होतं. एकाच नावाचं काम साठ-सत्तर वेळा चालू होतं. सुरू झाल्याची वेळ पाहिली, तर दर मिनिटाला एक नवं, आणि आधीचं एकही संपलेलं नाही. खाणीत वर्षानुवर्षं मी हीच रांग सांभाळत आलो होतो. काट्यावरचा ट्रक उतरल्याशिवाय मागचा चढवायचा नाही, एवढा एकच नियम मी तिथे पाळायचो. इथे मीच तो विसरलो होतो; ते काम करणारा प्रोग्राम मीच लिहिला होता.

आमच्या लाटंबार्से गावच्या देवळाची साइटही माझ्याकडेच आहे. देवळातली दिवाबत्ती आणि झाडलोट घराघरांत पंधरा-पंधरा दिवस वाटलेली असते. त्याला आम्ही पाळी म्हणतो. आज कोणाची पाळी हे दाखवणारा छोटा प्रोग्राम मी लिहिला होता. आमच्याकडे पाळी बदलताना मिनिटावरूनही वाद होतो, म्हणून तो दर मिनिटाला चालायचा. यादीतल्या घराच्या पाळीचे दिवस घ्यायचे, एकेक वजा करत जायचं, शून्य झालं की पुढचं घर.

त्याच सकाळी समितीने नव्या वर्षाची यादी चढवली होती. तिच्यात एका घरापुढे पंधराऐवजी साडेसात लिहिलं होतं, आणि खालच्या ओळीत पुन्हा साडेसात. साडेसातातून एकेक वजा करत गेलं तर अर्धा उरतो, मग उणे अर्धा. शून्य कधी येतच नाही. प्रोग्राम बिचारा मोजतच राहिला.

ते घर आमचं. त्या वर्षी मोठ्या भावाशी भांडून मी वेगळा झालो होतो आणि पाळीही अर्धी हवी म्हणून समितीपुढे हटून बसलो होतो. "मधल्या दिवशी सकाळचा दिवा मी लावू आणि संध्याकाळचा तू?" असं भावाने विचारलं होतं. मी म्हटलं होतं, "हो, तसंच." समितीने लिहून घेतलं.

दुरुस्ती दोन मिनिटांची होती. शून्य किंवा त्याहून कमी झालं की थांब, आणि आधीचं संपल्याशिवाय नवं सुरू करू नको. अडकलेली कामं बंद केली, तसा आकडा चारवर आला. मी हरमलची साइट उघडली आणि तिला फोन करून चूक कोणाची ते सगळं सांगितलं, अर्ध्या पाळीसकट.

ती हसली. "म्हणजे तुमी भाव-भाव भांडलास आनी माजें दुकान बंद?" थोड्या वेळाने तिचाच फोन आला. फॉर्म आला होता, महिनाभराचा. "देव बरें करूं, दादा," ती म्हणाली.

आभार मानायची ही आमची रीत. तिचं दार बंद करणाऱ्यालाच ती ते म्हणत होती.

संध्याकाळी भावाला फोन केला. म्हटलं, पाळी पूर्वीसारखी एकच ठेवूया, यादीत नाव तुझं असू दे.

"साडेसाती होती ती," तो म्हणाला. "तूच आणलीस. पाळीला तेल घेऊन ये, वाती हिने करून ठेवल्यात."

घरातल्या माणसाला आम्ही असं कधी म्हणत नाही, पण त्या दिवशी मी भावाला म्हटलं, "देव बरें करूं."