एनिडचा घेवडा

आमच्या यॉर्कशायरमध्ये ऑक्टोबर लागला की जीव उदास होतो. रेल्वेच्या रुळांमागे पालिकेने भाजीपाला लावायला भाड्याने दिलेले जमिनीचे तुकडे आहेत, तिथलं धुकं दुपारपर्यंत हलत नाही. कामं मात्र तुंबलेली असतात: वेलांच्या काठ्या उपटा, घोड्याची लीद पसरा, लसूण लावा. माझ्या शेजारचा तुकडा विल्फ गारसाइडचा. लोकरीच्या गिरणीतून निवृत्त झालेला, विधुर आणि जिभेला हाड नसलेला.

"मेव्हिस, तो कोबी आहे की चाळण?" असं कुंपणावरून मला रोज ऐकवायचा.

त्याची बायको एनिड गेली, मागे तिचा घेवडा राहिला. गुलाबी-पांढऱ्या फुलांचा, तिच्या आजीपासून चालत आलेला, दुकानात न मिळणारा. शेवटच्या दोन काठ्यांवरच्या शेंगा ती कुणाला तोडू देत नसे. त्या वेलावरच वाळायच्या आणि खुळखुळ वाजायला लागल्या की पुढच्या वर्षीचं बी तयार. विल्फने तेच चालू ठेवलं. शेंगा पिशव्या भरभरून वाटायचा, बी मात्र कुणालाच नाही. मी एकदा बी मागून पाहिलं.

"एनिडनं कुणाला दिलं नाही. मी कोण देणारा?"

"मग वर जाताना बरोबर नेणारेस की काय?"

"खिशात मावलं तर नेईन की!"

मला राग आला होता. बी वाटलं तरच टिकतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात उशिरा हिमकण पडले आणि त्याची सगळी रोपं करपली. मग डब्यात राखून ठेवलेलं होतं नव्हतं ते बीही त्याने पुन्हा पेरून टाकलं. म्हणजे शरद ऋतूत त्या दोन काठ्यांवर वाळत होतं तेवढंच एनिडचं बी जगात उरलं होतं. त्याच सुमारास विल्फला न्यूमोनिया झाला आणि त्याला हॉस्पिटलात हलवलं. मी तेव्हा लेकीकडे होते. तिला बाळ झालं होतं.

कुणी आजारी पडलं की त्याची शरदातली कामं शेजाऱ्यांनी उरकायची, ही आमच्याकडची रीत. कुणी विचारत बसत नाही. पलीकडचा कीथ तर कामाला वाघ. त्याने विल्फचा सगळा तुकडा खणून लख्ख केला.

विल्फ काठी टेकत परत आला त्या दिवशी मी तिथेच होते. कीथ हरखून एकेक वाफा दाखवत होता. विल्फ टोकाशी थांबला.

"इथल्या दोन काठ्या?"

"उपटल्या ना! वेल पार वाळून गेले होते. पाच नोव्हेंबरला आपण दरवर्षी होळी पेटवतो ना, तिच्यात टाकले. काय पेटले म्हणून सांगू!"

विल्फने काठीच्या टोकाने ती मोकळी माती जराशी उकरली.

"छान केलंस, पोरा," तो म्हणाला. "माझ्याच्यानं झालं नसतं. चल, चहा टाकतो."

कीथ गेल्यावर तो माझ्याकडे वळला. डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच. "त्याला एका शब्दानं बोललीस तर याद राख, मेव्हिस."

"अरे पण..."

"मरमर राबलाय तो माझ्यासाठी."

यंदा विल्फने दुकानातून बियांचं पाकीट आणलं आणि त्याच जागी पेरलं. फुलं आली ती लाल. कीथला फुलांतलं काही कळत नाही, तो फक्त खातो. ऑगस्टमध्ये पिशवीभर शेंगा घेताना म्हणाला, "एनिडच्या घेवड्याची चवच न्यारी!"

"हो ना," विल्फ म्हणाला.

काल त्याने काठ्या उपटल्या. सगळ्या, एकाच दिवशी. वाळायला एकही वेल मागे ठेवला नाही.