पोळ्याच्या रंगाची खुर्ची

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या गावच्या दूध सोसायटीचं चेअरमनपद कुणालाच नको होतं. दूध आटलेलं, निम्मी जनावरं छावणीला आणि चाऱ्यावरून रोजची भांडणं. तेव्हा पुरुषमंडळींनी मोठ्या मनानं ते पद माझ्या आईच्या गळ्यात घातलं. बिनविरोध!

सोसायटीची बैठक आमच्याच ओसरीवर भरायची. आधीचे चेअरमन म्हणजे आईचे थोरले दीर, माझे मोठे काका. त्यांच्यासमोर आई कधी बसलेली मी पाहिली नव्हती. डोक्यावर पदर घेऊन उभीच. काकाही तिच्याशी थेट बोलत नसत, जे सांगायचं ते माझ्याकडून. आता त्यांच्यासमोर खुर्चीत बसायचं म्हणजे काय!

"मी आपली दाराशी हुबी ऱ्हाईन," आई म्हणाली.

मला असा राग आला! मी ठरवलं, खुर्ची इतकी देखणी करायची की तिला बसावंच लागेल.

खुर्ची सागवानी, पण हात कळकटलेले, एक पाय खुळखुळता. नवीन घ्यायचं नाव काढायची सोय नव्हती. बैल छावणीला असल्यामुळे पोळ्याला शिंगं रंगवायला धारूरच्या बाजारातून आणलेले रंगाचे छोटे डबे मात्र तसेच पडून होते. पाणी टँकरचं, म्हणून खुर्ची धुतली नाही. रॉकेलच्या बोळ्यानं मळ काढला, काचकागदानं घासली, भेगांत सरस आणि भुसा भरला, पायाला पाचर मारली आणि लाल रंगाचे दोन पातळ हात दिले. दोन दिवसांत खडखडीत वाळली. बैलांचं नशीब आमच्या खुर्चीला लाभलं.

बैठकीच्या दिवशी सकाळी काका आले. लाल खुर्ची बघितली, मग आता आपल्याला बसायचा असलेला शेजारचा बाक बघितला.

"खुर्ची नवरीवानी अन् आमचा बाक असा? आण तो रंग."

निळा आणि पिवळा थोडा थोडा उरला होता. काकांनी दोन्ही एकत्र करून हिरवा केला. तरी पुरेना. विहिरीला पाणी नसल्यानं इंजिनाचं डिझेल नुसतंच पडून होतं, ते त्यांनी रंगात भसाभस ओतलं.

"काका, डिझेलनं वाळायचा न्हाई."

"मला शिकवू नको, पोरी. दुपारपस्तोर वाळतंय."

दुपारी चारला सगळे जमले. काकांनी बाकाला बोट लावलं. बोट हिरवंगार. सगळे हसायला लागले. काकांनी बोट धोतराला पुसलं, तर धोतरही हिरवं! शेवटी सतरंजी अंथरली आणि सगळी मंडळी खाली बसली, काकासुद्धा. वर फक्त लाल खुर्ची, रिकामी. आई दाराशी उभी. मोठे दीर जमिनीवर असताना खुर्चीत बसायचं, हे तर तिच्या स्वप्नातही आलं नसतं. मी रंगवून रंगवून तिची अडचण दुप्पट केली होती.

मग काका माझ्याकडे वळले.

"पोरी, तुझ्या आईला सांग, खुर्ची काय कावळ्याला बसायला रंगवली का?"

सांगायची गरजच नव्हती. आई अगदी कडेला, अंग चोरून टेकली. सचिवानं चाऱ्याचा विषय काढला. काका म्हणाले, ज्याची जनावरं जास्त त्याला जास्त, पहिल्यापासून तेच चालत आलंय. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि आई बोलली. आवाज थरथरत होता, पण स्वच्छ ऐकू आला. "ज्याच्या दावणीला एकच गाय हाय, त्याला आधी. तिच्यावरच त्याचं घर हाय."

काका धोतरावरचा हिरवा डाग चोळत राहिले. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे नाही, सरळ आईकडे बघितलं.

"बरुबर हाय, चेरमनबाई. लिवून घ्या तसं."

लग्न होऊन आल्यापासून त्यांनी आईला उद्देशून बोललेले ते पहिले शब्द. मला रडूच फुटलं. आईनं मात्र खुर्चीत नीट मागं सरून पाठ टेकली आणि म्हणाली, "फुडचा विषय वाचा."