उत्तराचा पत्ता

दिंद्रुडच्या पेठेत उमाबाईंचं फोनचं दुकान आहे. पाटीवर नाव थोरल्या मुलाचं, राजेश्वरचं. तो गेल्या माघात जीप उलटून गेला. पण ज्यानं दुकान टाकलं त्याचं नाव काढायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. दर सोमवारी उमाबाई पाटी पुसून तिला विभूती लावतात, आणि त्यानंच आणलेल्या कॉम्प्युटरलाही. मी शेजारचा शिंपी. फुकटचा पेपर वाचायला त्यांच्या बाकावर बसतो आणि नको तिथं बोलतो. त्या विभूतीवरून एकदा चिडवायला गेलो, तर त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. पुन्हा माझी छाती झाली नाही.

आता दुकान धाकटा केदारनाथ बघतो. कॉम्प्युटरला तो भीतभीतच हात लावायचा. दादानं जे जसं ठेवलं ते तसंच. मेल जायचे तेही दादाच्याच नावानं. जायचे खरे, पण माघापासून उत्तर एकाचंही आलं नव्हतं. राजेश्वर जाताना उत्तरं घेऊन गेला, असं पेठेत लोक हळूच म्हणायला लागले.

सगळ्यात जास्त हाल सरूबाईचे. तिचा मुलगा पवन मस्कतला वायरमन. फोन लागत नसे, म्हणून दर बाजारी ती इथं येऊन मेल सांगायची. राजेश्वर गेल्याचं मात्र तिनं त्याला कळवू दिलं नव्हतं. दोघं शाळेत एका बाकावरचे, पोर परमुलखात एकटं, जीवाला लावून घेईल. आता तिला एकच धास्ती होती, आपलं पोर तरी जितं आहे का.

त्या बाजारी केदारनाथनं दुकानाच्याच पत्त्यावर मेल पाठवून बघितला. तो आला.

"येतोय की," तो म्हणाला.

"येतोय ते दिसलं," मी वैतागून म्हणालो. "त्याला उत्तर देऊन बघ ना बाबा, कुठं जातंय ते."

त्यानं उत्तराचं बटण दाबलं आणि हात मागं घेतला. वर दुकानाचा पत्ता यायला हवा होता. आला तो राजेश्वरचा, त्याचा स्वतःचा. मालासाठी औरंगाबादला गेला की तिथूनही वाचता यावं म्हणून त्यानं सगळी उत्तरं आपल्याकडं वळवून ठेवली होती. त्याचा पासवर्ड त्याच्याबरोबरच गेला.

"समदी दादाकडं चाललीत," केदारनाथ पुटपुटला.

उमाबाई गल्ल्यावरून उठल्या. "म्हंजी लोकं अजून त्याला लिव्हत्यात?"

"हां, आई."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला भीती वाटली. पत्ता काढावा लागेल, असं केदारनाथ म्हणाला तेव्हा त्या म्हणाल्या, "कावून काढतोस? तुला काय त्रास हाय त्याचा?"

सरूबाई पिशवी घेऊन दारातच उभी होती. "उमाबाई," ती म्हणाली, "माजं पोरगं हाय का न्हाई, तेवडंच बगायचंय मला."

उमाबाई कॉम्प्युटरपाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं, "कोनतं बटन?" केदारनाथनं सेटिंग उघडून पुसायचं बटण दाखवलं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. राजेश्वरच्या पत्त्याचं एकेक अक्षर गेलं. मेल ज्या नावानं जायचे, त्या राजेश्वरच्या नावाला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही.

सरूबाईचा मेल पवनला पुन्हा गेला, आणि पुढच्या बाजारी उत्तर आलं. इंग्रजी अक्षरांतलं मराठी केदारनाथ अडखळत वाचत होता. "राजेश्वर, लेका, किती उत्तरं धाडली तुला. वाचतोस का न्हाईस बे? आईला सांग, मी बरा हाय."

सरूबाईनं पदर तोंडात कोंबला. पोर जितं होतं, पण उमाबाईंसमोर तिला धड हसता येईना. शेवटी ती म्हणाली, "आता सांगा त्याला, राजेश्वर गेला म्हनून."

"नगं," उमाबाई म्हणाल्या. "त्याच्यापाशी तरी जिता हाय. ऱ्हाऊ द्या."

केदारनाथनं उत्तराचं बटण दाबलं आणि आईकडं बघत बसला. "मग लिवू काय?"

"लिव्ह," त्या म्हणाल्या, "वाचतोय म्हनून."

त्यानं लिहिलं.